वैमानिकाचे घड्याळ नेमके कोणी विकत घेतले?

वैमानिकांच्या घड्याळांवरचे कोणतेही पुस्तक उघडा, पहिल्या काही पानांतच कार्तिएची गोष्ट भेटते. आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ हा पॅरिसात राहणारा ब्राझीलचा श्रीमंत विमानवेडा. हवेत असताना दोन्ही हात गुंतलेले असतात, मग खिशातले घड्याळ काढायचे कसे, अशी तक्रार त्याने आपला मित्र लुई कार्तिए याच्याकडे केली. कार्तिएने 1904 साली त्याला मनगटावर बांधायचे चौकोनी घड्याळ करून दिले आणि वैमानिकाचे घड्याळ जन्माला आले. ही गोष्ट खोटी ठरवण्याचे कारण नाही. मात्र हे घड्याळ सर्वसामान्य गिऱ्हाइकासाठी दुकानात आले ते 1911 साली. मधल्या सात वर्षांत विमान प्रयोगातून बाहेर पडले, इंग्लिश खाडी ओलांडून गेले, युरोपभर विमानांच्या शर्यती भरू लागल्या. घड्याळाचा जन्म खरोखरच उड्डाणाच्या गरजेतून झाला असेल, तर त्याच वर्षांत ते वैमानिकांना विकले जायला हवे होते. प्रत्यक्षात ते विक्रीला आले ऱ्यू द ला पेवरच्या जवाहिऱ्याच्या काचेमागे, जिथे हिरे-मोती घेणारी माणसे येत.

मराठी वाचकाला हा पेच नवा वाटू नये. इतिहासकार राजवाड्यांनी 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हापासून बखर आणि अस्सल कागद यांच्या वजनातला फरक आपल्याकडे शिकवला जातो. घड्याळ कंपन्यांनी स्वतःविषयी लिहिलेला इतिहास ही बखरच असते. ती घटनेनंतर बऱ्याच काळाने लिहिली जाते, तिला एक नायक लागतो आणि धन्याची कीर्ती वाढवणे हे तिचे काम असते. त्याच कंपनीच्या तळघरात दुसरेही एक साधन पडलेले असते, ते म्हणजे विक्रीची खतावणी. अमुक क्रमांकाचे घड्याळ, अमुक तारखेला, अमुक व्यापाऱ्याकडे रवाना. एवढाच तिचा मजकूर. तिला नायकाची गरज नसते. माझे म्हणणे असे की वैमानिकाच्या घड्याळाचा उगम पराक्रमात किंवा रेखाचित्रात शोधण्याऐवजी ‘पैसे कोणी भरले आणि माल कोठे पोचला’ या प्रश्नातून शोधावा. तसा शोधला की क्रम बराचसा उलटा होतो. या घड्याळाची पहिली खरी गिऱ्हाइके म्हणजे विमानातले नॅव्हिगेटर आणि त्यांना पोसणारी सरकारे. वैमानिक सुरुवातीला जाहिरातीतला चेहरा म्हणून येतो. गल्ल्याशी गिऱ्हाईक म्हणून तो ठळकपणे दिसू लागतो 1950 नंतर.

सांतोस-द्युमाँच्याच प्रसंगापासून पाहू. 19 ऑक्टोबर 1901 रोजी त्याने सँ-क्लूपासून आयफेल टॉवरला वळसा घालून परत, असा फेरा आपल्या वायुनौकेतून पुरा केला. आंरी द्यच द ला मर्त या उद्योगपतीने ठेवलेले 1 लाख फ्रँकचे बक्षीस त्यासाठी होते आणि अट होती अर्ध्या तासाची. अंतिम रेषा त्याने वेळेत ओलांडली, पण खाली सोडलेला दोर माणसांच्या हाती लागेपर्यंत अर्धा तास उलटला होता. वेळ नेमकी कोणत्या क्षणापर्यंत मोजायची यावर मोठा वाद झाला आणि अखेर बक्षीस त्यालाच मिळाले. त्याला घड्याळाची तळमळ का वाटली असेल हे यावरून कळते. पण निर्णय देणारी घड्याळे जमिनीवर उभ्या असलेल्या पंचांच्या हातात होती, हेही त्यातूनच कळते. हवेतल्या माणसाच्या मनगटावर काय आहे याला त्या वादात काही किंमत नव्हती.

फ्रेंच वैमानिक लुई ब्लेरिओचे प्रकरण याहून सोपे आहे. 25 जुलै 1909 रोजी तो काले आणि डोव्हरच्या दरम्यानची खाडी सुमारे 37 मिनिटांत ओलांडून गेला. त्याच्याकडे झेनिथचे घड्याळ होते आणि पुढे झेनिथच्या जाहिरातीसाठी त्याने शिफारसही दिली. परंतु त्याच्या विमानात होकायंत्रसुद्धा नव्हते. दिशा कळायचे साधनच नसताना नुसत्या वेळेवरून आपण कोठे आहोत हे काढता येत नाही. मधली काही मिनिटे त्याला किनाराही दिसेना, तेव्हा तो सरळ पुढे जात राहिला. म्हणजे त्या उड्डाणाला घड्याळाची गरज फारशी नव्हती, घड्याळाला मात्र त्या उड्डाणाची होती. ‘पिलोत’ हे नाव आपण 1888 मध्येच नोंदवले होते असे झेनिथ कंपनी अभिमानाने सांगते. राइट बंधूंचे विमान त्यानंतर पंधरा वर्षांनी उडाले. नाव आधी आणि विमान मागाहून, असा हा हिशेब आहे, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. व्यापारी चिन्हे अशीच घेऊन ठेवली जातात.

पहिल्या महायुद्धात मनगटी घड्याळ सैनिकांत रुळले हे खरे. पण ब्रिटिश रॉयल फ्लाइंग कोअरच्या विमानांत सरकारी घड्याळ असे ते उपकरणांच्या फळीवर, मोठ्या खिशातल्या घड्याळाच्या आकाराचे. ते विमानाचा भाग होते, माणसाचे नव्हते. वैमानिक बदलला तरी घड्याळ जागेवरच राही. सरकारने पैसे मोजले ते यंत्रसामग्रीसाठी.

घड्याळ हे हवेत खरोखर जीवनमरणाचे साधन कधी झाले, याचे उत्तर महासागर ओलांडण्याच्या काळात सापडते. येथे थोडे गणित लागते, कारण सगळा विषय त्यावर उभा आहे. पृथ्वी 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणजे तासाला 15 अंश, आणि एका अंशाला 4 मिनिटे. सूर्याची किंवा ताऱ्याची उंची सेक्स्टंटने मोजून आपला रेखांश काढायचा तर त्या क्षणाची ग्रिनिचची वेळ अचूक माहीत हवी. वेळेत 4 सेकंदांची चूक झाली की विषुववृत्तावर एका सागरी मैलाची चूक होते; पुऱ्या मिनिटाची चूक म्हणजे 15 सागरी मैल. जहाजावर क्रोनोमीटर पेटीत ठेवलेला असे आणि चूक सुधारायला दिवस मिळे. विमानात इंधन संपत असते. रेडिओवरून वेळेचे ठोके ऐकू येत, पण त्या काळच्या बहुतेक मनगटी घड्याळांत सेकंदकाटा थांबवून ठोक्याशी जुळवण्याची सोय नव्हती. तास आणि मिनिट जुळत, सेकंद राहून जात. अमेरिकन नौदलातला अधिकारी फिलिप व्हॅन हॉर्न वीम्स याने हा पेच उलट बाजूने सोडवला: काटा थांबत नसेल तर त्याच्याखालचे सेकंदांचे कडेच फिरवावे. रेडिओचा ठोका पडला की कडे फिरवून शून्य काट्याखाली आणायचे, बस. लाँजीन या स्विस कंपनीने 1920 च्या दशकाच्या अखेरीस हे घड्याळ बनवायला घेतले आणि 1935 मध्ये वीम्सला अमेरिकेत त्याचे पेटंट मिळाले. या विषयातली मला सर्वांत देखणी कल्पना हीच वाटते, कारण तिच्यात नवे यंत्र जवळजवळ काहीच नाही.

अमेरिकन वैमानिक लिंडबर्गची गोष्ट येथे येते, आणि ती बखरीत जशी सांगतात तशी नाही. 20–21 मे 1927 रोजी न्यूयॉर्क ते पॅरिस हे साडेतेहतीस तासांचे उड्डाण त्याने केले तेव्हा त्याच्याजवळ सेक्स्टंट नव्हता. होकायंत्र, वेग आणि वेळ यांच्या अंदाजावर तो गेला. फेब्रुवारी 1928 मध्ये हवानाहून परतताना त्याची होकायंत्रे बिघडली आणि तो वाटेपासून फार दूर भरकटला. आकाशातून स्थान काढण्याची विद्या शिकलीच पाहिजे हे त्याला या फजितीने पटवले, आणि त्याच वर्षी तो वीम्सकडे शिकायला गेला. त्यानंतर त्याने वीम्सच्या कल्पनेत अंशांची आणि कालकोनाची, म्हणजे वेळेऐवजी अंशांत मोजलेल्या कोनाची, जोड देणारे घड्याळ सुचवले. लाँजीनने 1931 मध्ये ते तयार केले: 47.5 मिलिमीटरचे, विमानी कोटाच्या बाहीवरून बांधण्याजोगे. जगाने टाळ्या वाजवल्या त्या उड्डाणातून ते आले नाही, त्यानंतरच्या चुकलेल्या वाटेतून आणि शिकवणीतून आले. ज्याच्यासाठी ते घडले तो लिंडबर्ग त्या घडीला नॅव्हिगेशनचा विद्यार्थी होता.

लाँजीनच्या सँतिमिए येथील हस्तलिखित वह्या याच कारणाने मोलाच्या आहेत. एखाद्या जुन्या घड्याळाच्या मशीनवरचा क्रमांक कळवला की ते कोणत्या तारखेला आणि कोणत्या अडत्याला पाठवले गेले हे त्यांतून निघते. वीम्स आणि लिंडबर्ग यांच्या घड्याळांच्या बाबतीत तो अडत्या म्हणजे न्यूयॉर्कची विटनॉवर कंपनी. यावर रास्त आक्षेप येतो की वही अडत्यापाशीच संपते. पुढे ते घड्याळ वैमानिकाने घेतले, नॅव्हिगेटरने घेतले की एखाद्या हौशी दंतवैद्याने, हे तिला ठाऊक नसते. मान्य. पण इतिहासात नकाराचा पुरावाही पुरावाच असतो. 1932 मध्ये कारखान्यातून निघालेले घड्याळ 1927 च्या उड्डाणात कोणाच्याही मनगटावर असू शकत नाही, मग त्याच्याबरोबर कितीही पिवळी पडलेली पत्रे आणि छायाचित्रे येवोत. बखरीला असे ‘नाही’ म्हणता येत नाही. दुसरा आक्षेप असा की वह्याही कंपनीच्याच, मग त्यांवर विश्वास का? कारण हिशेबाच्या वहीत खोटे लिहिण्यात त्या काळच्या कारकुनाचा काही फायदा नव्हता. ती वसुलीसाठी लिहिली गेली, नव्वद वर्षांनंतरच्या लिलावासाठी नव्हे.

दुसऱ्या महायुद्धात तर विक्री हा शब्दच अपुरा पडतो. आज ‘पायलट वॉच’ म्हटले की डोळ्यांपुढे येते ते काळी डायल, ठसठशीत पांढरे आकडे आणि बाराच्या जागी त्रिकोण असलेले घड्याळ. त्याचा मूळ नमुना जर्मन हवाई मंत्रालयाने 1940 च्या सुमारास ठरवून दिलेला. व्यास 55 मिलिमीटर, सेकंदकाटा मध्यावर आणि थांबवता येणारा, केसच्या बाजूवर ‘एफएल 23883’ हा सरकारी क्रमांक. लांगे, आयडब्ल्यूसी, वेंपे, लाको आणि स्टोवा अशा पाच ठिकाणी ते बनले. जानेवारी 1941 पासून मिनिटांचे आकडे बाहेर आणि तासांचे लहान वर्तुळ आत असा दुसरा नमुना आला. नॅव्हिगेटरला मिनिट आणि सेकंद हवे असतात, तास त्याला ठाऊकच असतो, हे त्या रचनेतच दिसते. ही घड्याळे बाँबर विमानांतल्या निरीक्षकांना, म्हणजे नॅव्हिगेशन करणाऱ्याला, मोहिमेपूर्वी वेळ लावून दिली जात आणि मोहिमेनंतर परत घेतली जात. जगात सर्वाधिक नकलले गेलेले हे वैमानिकाचे घड्याळ मुळात वैमानिकासाठी नव्हते आणि कोणाला विकलेही जात नव्हते.

येथे साधनांविषयी एक गोष्ट नोंदवायला हवी. लाको आणि स्टोवा हे दोन कारखाने फोर्झहाइममध्ये होते, आणि 23 फेब्रुवारी 1945 च्या बाँबहल्ल्यात ते शहर जवळजवळ भुईसपाट झाले. ग्लासहुटे येथील लांगेच्या मुख्य इमारतीवर बाँब पडला तो 8 मे 1945 रोजी, युद्धाच्या शेवटच्या दिवशी. आयडब्ल्यूसीच्या स्विस गावावर, शाफहाउझेनवर, 1 एप्रिल 1944 रोजी अमेरिकन विमानांनी चुकून बाँब टाकले तेव्हा एक आयडब्ल्यूसीच्या छपरातून आत शिरला आणि फुटला नाही. आयडब्ल्यूसीच्या दप्तरातून 1940 मधल्या आपल्या 1,000 घड्याळांचा हिशेब आजही निघतो. फोर्झहाइमच्या दोघांचा इतिहास मात्र बराचसा घड्याळांच्या पोटातूनच वाचावा लागतो. या घड्याळांवरच्या लिखाणात स्विस कंपनीला मिळालेली जागा तिच्या वाट्यापेक्षा मोठी वाटते, त्याचे एक कारण हा न फुटलेला बाँब आहे. कागदावर भर देणाऱ्याने कागद कोणाचे वाचले हेही पाहायला हवे, नाहीतर खतावणीचीही बखर होते.

माझ्या मांडणीवर सर्वांत जड आक्षेप आहे तो खुद्द वैमानिकांच्या क्रोनोग्राफचा. जर्मन हवाई दलासाठी हानहार्ट आणि ग्लासहुटेच्या टुटिमाने केलेले, बटण दाबताच काटा शून्यावर येऊन लगेच पुढे धावणारे क्रोनोग्राफ वैमानिकांच्या मनगटावर होते. पुढे फ्रेंच हवाई दलाने ‘टाइप 20’ या नमुन्याखाली ब्रेगे, दोदान, ओरिकोस्त, विक्सा यांच्याकडून तसेच घड्याळ घेतले. तेव्हा वैमानिक फक्त जाहिरातीत होता हे म्हणणे टिकत नाही. बरोबर, म्हणूनच मी ते गिऱ्हाइकापुरते म्हणतो. या घड्याळांचेही पैसे सरकारने भरले, नमुना सरकारने ठरवला, आणि वैमानिकाने ते वापरले ते सरकारी सामान म्हणून. अनेक वैमानिकांनी स्वतःच्या खिशातून दुकानातले घड्याळ घेतले असणार, यातही शंका नाही. पण त्या खरेदीने घड्याळाचा आकार बदलला नाही. नवे कडे, थांबणारा सेकंदकाटा, चुंबकापासून बचाव करणारी लोखंडी पेटी हे सारे आले ते नॅव्हिगेटरच्या गरजेतून आणि सरकारी मागणीपत्रातून. प्रमाण पाहायचे तर ओमेगाचाच दाखला पुरे: युद्धकाळात ब्रिटिश संरक्षण खात्याला 1,10,000 हून अधिक घड्याळे दिली असे ती कंपनी सांगते. एवढे मोठे दुसरे गिऱ्हाईक त्या काळी शोधून सापडले नसते.

युद्धानंतर ब्रिटिश हवाई दलाने मागवलेले ‘मार्क 11’ हे या साखळीतले सर्वांत नेटके घड्याळ. 1940 च्या दशकाअखेरीस आयडब्ल्यूसी आणि जॅगर-लकूल्त्र यांनी ते दिले; साठ्यातला क्रमांक 6बी/346 आणि नोंद नॅव्हिगेटरच्या घड्याळाची. 36 मिलिमीटरच्या केसमध्ये मऊ लोखंडाचे आतले कवच, आणि वेळेची पारख ग्रिनिच वेधशाळेकडे. ते 1981 पर्यंत सेवेत राहिले. निकामी ठरवून सरकारने ती बाहेर काढली तेव्हा कोठे ती सामान्य माणसाला विकत मिळू लागली. त्यांच्या ‘पहिल्या विक्री’ची तारीख शोधणाऱ्याला म्हणून दोन उत्तरे मिळतात: कारखान्याच्या वहीत 1940 चे दशक, बाजारात त्यानंतरची तीस वर्षे.

खऱ्या अर्थाने वैमानिक गल्ल्याशी उभा राहतो तो 1950 च्या दशकात, आणि त्याचे कारण लांब पल्ल्याची प्रवासी हवाई वाहतूक. एका पाळीत चार-पाच वेळपट्टे ओलांडणाऱ्या माणसाला ग्रिनिचची वेळ आणि स्थानिक वेळ दोन्ही हव्या असतात, आणि त्याला पगार चांगला असतो. ग्लायसीनच्या ‘एअरमन’चा उगम म्हणून 1953 चे एक पत्र दाखवतात. कंपनीचा विक्री पाहणारा माणूस सॅम ग्लूर बँकॉकहून कलकत्त्याला विमानाने जाताना कॅप्टनशी बोलत बसला. तुला कसे घड्याळ हवे, असे त्याने विचारले आणि उत्तर कंपनीला लिहून कळवले: चोवीस तासांची डायल, बाहेर फिरणारे चोवीस तासांचेच कडे, तारीख, आपोआप मिळणारी चावी, पाण्यापासून संरक्षण. बंगालच्या उपसागरावर झालेल्या या गप्पा बखरीसारख्या रंगतदार आहेत हे खरे. पण येथे सांगणारा विक्रेता आहे, ऐकणारी कचेरी आहे, आणि घड्याळ त्या यादीबरहुकूम लगेच बाजारात आले आहे. साठच्या दशकात ते अमेरिकन लष्करी तळांवरच्या दुकानांतून खपले, आणि ऑगस्ट 1965 मध्ये अंतराळवीर पीट कॉनरॅडने जेमिनी 5 या यानात ते मनगटावर नेले. रोलेक्सने जीएमटी-मास्टर याच सुमारास पॅन ॲम या विमान कंपनीच्या संगतीने आणले. त्याची जाहिरात इतकी झाली की एअरमनचा क्रम आधीचा हे विसरले गेले.

ब्राइटलिंगचे नॅव्हिटायमर आणखी बोलके. गोल गणनपट्टी डायलभोवती बसवलेले हे घड्याळ अमेरिकेतल्या खासगी विमानमालक आणि वैमानिकांच्या संघटनेसाठी केले गेले, आणि सुरुवातीच्या डायलींवर ब्राइटलिंगचे नावही नसे, संघटनेचे पंख असत. येथे गिऱ्हाइकांची यादी आधीच तयार होती, ती म्हणजे सभासदांची. जन्मसालाचा घोळ मात्र याही घड्याळाला चुकला नाही. कंपनी 1952 हे साल धरते. केसवरच्या क्रमांकांवरून तारीख लावणारे संग्राहक सुरुवातीचे नग 1954 च्या आसपास नेतात. दोघेही आपापल्या परीने बरोबर असू शकतात, कारण एकजण कल्पना मोजतो आणि दुसरा माल.

भारतात हा प्रवास वेगळ्याच टोकापासून झाला. एचएमटीने सिटिझनच्या सहकार्याने 1961 मध्ये बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला, आणि पुढे ‘पायलट’ नावाचे सतरा जुएलचे चावीचे घड्याळ काढले. ग्रिनिचची वेळ, फिरते कडे, कालकोन यांपैकी त्यात काही नव्हते आणि असण्याचे कारणही नव्हते. ते रेल्वेने कचेरीत जाणाऱ्या माणसासाठी होते, ‘जनता’ आणि ‘सोना’ यांच्या शेजारी त्याच काचेच्या पेटीत मांडलेले. त्याला खोटे म्हणणे अन्यायाचे होईल. युरोपात ज्या नावाला सरकारी मागणीपत्रे, नॅव्हिगेटर आणि शेवटी खरे वैमानिक यांनी पन्नास वर्षांत वजन आणून दिले, ते नाव येथे उघडपणे दुकानासाठीच घेतले होते. घोटाळा सुरू होतो तो नंतर, जुन्या मशीनवर नव्याने रंगवलेल्या डायली बसवण्याच्या धंद्यात, ज्याला परदेशी संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. त्यात एका साध्या घड्याळावर पंख, विमान किंवा लष्करी वाटणारे चिन्ह उमटते आणि ते हवाई दलाचे म्हणून परदेशात विकले जाते. डायल हा घड्याळाचा सर्वांत वाचनीय भाग, आणि पुन्हा रंगवायला सर्वांत सोपाही तोच. मागचे झाकण उघडून मशीनवरचा क्रमांक आणि केसच्या आतला छाप एकमेकांशी जुळवणे हे काम घड्याळजी पाच मिनिटांत करतो, आणि पंखांची किंमत मागणाऱ्या विक्रेत्याला तेच सर्वांत नकोसे असते.